पिवळी रेघ

पुतणीने टर्बो किट बसवायचं काढलं तेव्हा मी फोनवर सरळ नाही म्हणालो. ती म्हणाली, "काका, तुम्ही नाही बसवलंत तर दुसरीकडून बसवून घेईन." हट्टाच्या बाबतीत पोरगी थेट बापावर गेली आहे. दुसरीकडची कामं मी पाहिलेली आहेत, म्हणून मुकाट्याने हो म्हणालो.

तिची बाइक हजार सीसीची स्पोर्ट. एका बंद पडलेल्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या शर्यती होतात, तिथे तिला ती पळवायची होती. पसंतीला दोन किट होती. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवतो. एकातला मोठा. त्याची ताकद उशिरा येते आणि येते ती एकदम, मग मागचं चाक कुणाचं ऐकत नाही. दुसऱ्यातला लहान. तो लवकर जागा होतो, दाब बेताचा देतो आणि मूळचे पिस्टन तेवढा सोसतात. तिला अर्थातच मोठा हवा होता. आठवडाभर आमची हुज्जत चालली. शेवटी मी म्हणालो, "लहान बसवेन, नाहीतर गाडी घेऊन जा."

ती म्हणाली, "बाबांनी मोठा बसवला असता."

"म्हणूनच," हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

तिचा बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. वर्कशॉप आम्हा दोघांचं होतं, रस्त्याच्या टोकाचं शेवटचं शटर. आत दोन स्टुलं आहेत, त्यातलं त्याचं मी अजून हलवलेलं नाही. काही दिवस असे जातात की कुरिअरवाल्याला "सही कुठे करू?" विचारण्यापलीकडे माझ्या तोंडून शब्द निघत नाही. दुपारी डबा खाताना मी त्या रिकाम्या स्टुलाकडे पाठ करून बसतो.

आमची कामाची एक पद्धत होती. बोल्ट मी आवळायचा आणि त्याच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत पांढऱ्या रंगाच्या पेनाने रेघ मारायची. मग धाकट्याने आपल्या पान्याने तोच बोल्ट तपासायचा आणि शेजारी पिवळी रेघ मारायची. आवळणारा आणि तपासणारा एकच नसावा, हा नियम त्याचा. तो डावखुरा होता. त्याची रेघ उलटीकडे झुकायची आणि शेवटी तिला बारीकशी शेपूट फुटायची. मी चिडवायचो, "ही रेघ आहे की पाल?" तो गेल्यापासून माझ्या कामावर फक्त पांढऱ्या रेघा असतात.

सोमवारी मी जुना सायलेन्सर उतरवला, किटमधला पाइप इंजिनला जोडला, त्यावर टर्बो चढवला. सात बोल्ट, सात पांढऱ्या रेघा. मंगळवारी सकाळी शटर वर केलं, चहाचा कप ठेवला आणि खाली वाकलो.

तीन बोल्टांवर पिवळी रेघ होती.

मी भुताखेतांतला माणूस नाही. मला बोल्ट पुरता आवळला की होणारी टॉर्कच्या पान्याची टिक कळते, बाकीचं कळत नाही. किट बनवणाऱ्यांची खूण असेल, काल माझ्या नजरेतून सुटली असेल, असं म्हणून कामाला लागलो. पण रेघा उलटीकडे झुकलेल्या होत्या. शेपटीसकट.

बुधवारी सातही बोल्ट पिवळे झाले होते. शिवाय मंगळवारी आवळलेले हवेच्या पाइपचे चारही. त्यातल्या शेवटच्यावर मी बोट लावलं. बोटाला रंग लागला.

शटरची आणि खणाची किल्ली एकेकच आहे आणि दोन्ही माझ्या गळ्यात असतात. खिडकीला आतून कडी आहे. मी कडी दोनदा पाहिली. मग कुलपातला खण उघडला, कारण धाकट्याचं पिवळं पेन तिथे एका पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं होतं. पेन जागेवर होतं. टोपण काढून कागदावर ओढलं. पार वाळून गेलं होतं, नुसता ओरखडा उठला.

डब्यात पेनाबरोबर एक बोल्ट आहे. आता सांगायलाच हवं.

तो बोल्ट धाकट्याच्या बाइकचा. आतून पोकळ असतो, त्यातून तेल जातं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बाइकचं काम चालू होतं, बत्तीस बोल्टांचं. मी हा बोल्ट हाताने फिरवून बसवला, रेघ मारली आणि पान्याने आवळणार एवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. परत आलो तर पांढरी रेघ दिसली. झालाय, असं धरून चाललो. धाकटा सामान आणायला बाहेर गेला होता आणि मला काम उरकायचं होतं. मी त्याचं पेन उचललं आणि राहिलेल्या पाच बोल्टांवर पिवळी रेघ मीच ओढली. बत्तिसातला कोणता आपण तपासला, हे कुणाच्या लक्षात राहतं? त्याने पिवळं पाहिलं आणि किल्ली फिरवली. वळणावर मागच्या चाकाखाली तेल आलं.

पोलिसांनी गाडी परत दिली तेव्हा दोन रेघांचा तो बोल्ट मी काढून ठेवला. बुधवारी पाहिला तेव्हाही दोन्ही रेघा होत्या, एक पांढरी, एक पिवळी. पिवळी सरळ होती. माझ्या हातची.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. बरं वाटलं. तीन वर्षांनी पहिल्यांदा माझं काम कुणीतरी तपासत होतं. गुरुवारी मी डबा खायला त्या स्टुलाकडे तोंड करून बसलो. लिहिताना लाज वाटते, पण मी त्याच्याशी बोललोसुद्धा. म्हटलं, "लहानच टर्बो घेतलाय. रागावू नकोस."

शुक्रवारी सगळं पिवळं होतं. एक सोडून. टर्बोला तेल नेणाऱ्या नळीचा पोकळ बोल्ट.

मी पाना लावला. टिक झाली, आवळणी बरोबर होती. शनिवारीही त्यावर फक्त पांढरी रेघ. तेव्हा मी तो बाहेर काढला, पुसला आणि खिडकीच्या उजेडात धरला. डोक्याच्या खाली केसाएवढी चीर होती. तो धावपट्टीपर्यंतही टिकला नसता.

मी खाली बसलो.

नवा बोल्ट यायला दोन दिवस लागले. बसवला, आवळला, रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी पिवळी होती.

पुतणी दुपारी आली. हेल्मेट काखेत धरून तिने गाडीभोवती फेरी मारली, मग गुडघ्यावर बसली. बराच वेळ उठली नाही.

"काका, बाबांसारखी रेघ कधीपासून मारायला लागलात?"

"हात बसतो आपोआप," मी म्हणालो.

"शेपूटसुद्धा?"

मी फडकं शोधत राहिलो. ती उठली, पण बाइकवर बसली नाही.

"एक विचारू? आईसमोर विचारता येत नाही." तिने हेल्मेट खाली ठेवलं. "बाबांचा तो बोल्ट, पोलिसांनी सैल निघाला म्हणून सांगितलेला. तुम्ही आवळला होता आणि त्यांनी तपासला होता ना?"

तिचे डोळे अगदी त्याचे आहेत. मला सगळं सांगायचं होतं. एवढी एक पोरगी उरली होती मला काका म्हणणारी.

"हो," मी म्हणालो. "त्याने स्वतः तपासला होता."

तिने मान हलवली. "मग बाबांचंच लक्ष नव्हतं." ती हे हळू म्हणाली, स्वतःची समजूत घातल्यासारखं.

गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. टर्बोची बारीक शीळ रस्त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू आली, मग विरून गेली. मी आत आलो. धाकट्याचं स्टूल माझ्या स्टुलाला लागून होतं. मी ते तिथे ठेवलेलं नव्हतं.

खणाची किल्ली गळ्यातून काढली. खणाला कुलूप होतं.

डबा उघडला.

तळाशी पिवळ्या रंगाचा चुरा पडला होता. बोल्टावर आता एकच रेघ होती, पांढरी.