हलला का अंगठा?

पहिल्या भेटीत तो शुद्धीत नव्हता आणि तिला पाय नव्हते. म्हणजे होते, चादरीखालीच होते. पण कमरेतल्या इंजेक्शनमुळे ते शेजाऱ्यांनी ठेवायला दिल्यासारखे पडून होते. गुडघ्याची छोटीशी शस्त्रक्रिया, सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. ती शाळेत गणित शिकवायची. डोकं लख्ख जागं, आणि सोडवायला एकही गणित नाही.

पडद्यापलीकडच्या खाटेवर हर्नियावाला होता. त्याला पूर्ण भूल दिली होती. धंद्यानं चष्मेवाला, पण स्वतःचा चष्मा बाहेर भावाच्या खिशात. अर्धवट सरकलेल्या पडद्यातून त्यानं डोळे किलकिले केले.

"अहो... तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"वा!" म्हणाला आणि झोपला.

थोड्या वेळानं पुन्हा जाग. "अहो, तुमचं लग्न—"

"नाही हो!"

"काय सांगता! वा!"

तिच्या या 'नाही'वर आजवर नातेवाइकांनी सुस्कारे टाकले होते, मावशीनं कपाळ बडवून घेतलं होतं. 'वा' कुणी म्हटलं नव्हतं. तिसऱ्यांदा तो कधी विचारतो, याची ती वाट पाहू लागली.

"पायांकडे काय बघताय सारखं?" त्यानं वेगळंच विचारलं.

"अंगठा हलायची वाट बघतेय. हलला, चालता आलं, की घरी सोडतात."

"मग नका ना हलवू..."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

"हलला का अंगठा?"

"नाही."

"शाबास. माझ्याशी कराल?"

"काय?"

"लग्न हो. अंगठ्याचं नंतर बघू."

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्याचं सलाईन बघायला सिस्टर आल्या आणि पाढा म्हणावा तशा म्हणाल्या, "दादा, पूर्ण भुलीनंतर चोवीस तास गाडी चालवायची नाही, कुठं सही करायची नाही, महत्त्वाचा निर्णय घ्यायचा नाही."

नियम कळल्यावर तो मोडणं गणिताच्या बाईंच्या रक्तात नव्हतं.

"उद्या विचारा," ती म्हणाली.

"विचारतो. विसरेन होय?" आणि झोपला.

जागा झाला तो निराळाच माणूस. सभ्य, अबोल. चहा प्यायला, सिस्टरांचे आभार मानले, भावानं ढकललेल्या चाकाच्या खुर्चीत बसला.

"अहो—" तिनं हाक मारली. खुर्ची वळून गेली होती. ती उठायला गेली... पायांनी दखलच घेतली नाही.

दुसरा दिवस तिनं फोन उशाशी घेऊन काढला.

"नंबर दिला होतास?" मावशीनं विचारलं.

"नाही."

"त्याचा घेतलास?"

"नाही."

"मग काय, कबूतर येणार आहे?"

आठवड्यानं ती टाके काढायला गेली. काढून झाले, ती बाकावर मावशीची वाट बघत बसली, आणि आपले टाके काढून तोही शेजारी येऊन टेकला. आज चष्म्यासकट. चष्म्यात तो फारच शहाणा दिसत होता.

"तुमचा आवाज..." तिनं वेळ विचारली तसा तो म्हणाला, "कुठं ऐकलाय का मी?"

"मी शेजारच्या खाटेवर होते."

"अरे देवा. शुद्धीवर येताना लोक काहीबाही बोलतात म्हणे. मला नुसतं एवढंच आठवतं, कुणीतरी 'उद्या' म्हणालं. सिस्टर असतील." त्यानं चष्मा सारखा केला. "मी काही... बोललो नाही ना?"

आता चोवीस तास कधीच उलटून गेले होते. कुठलाच नियम आड येत नव्हता. तिला नुसती लाज वाटली. त्याची नव्हे, फोन उशाशी घेतलेल्या त्या दिवसाची.

"छे! शांत झोपला होतात."

"बरं झालं," तो म्हणाला. चेहरा मात्र बरं झाल्यासारखा दिसला नाही. "येतो मग."

पोट सांभाळत तो निघाला. इतका हळू, की नुकते टाके काढलेल्या गुडघ्यालाही त्याला सहज गाठता आलं असतं. दारापाशी तर तो जरा थांबलासुद्धा.

चपलेत तिनं अंगठा हलवून पाहिला. चांगला हलत होता.