बंद केंद्रातले पाहुणे

कोकण किनाऱ्यावरचे खारशेत अणुवीज केंद्र काल दुपारी बारा वाजता बंद करण्यात आले. इंधन बदलायचे असले की ते करावेच लागते. आज पुन्हा बारा वाजले, तरी पाण्याचे पंप घरघरतच होते. बंद केंद्रात पंप कशाला?

हा प्रश्न अकरा वर्षांच्या शर्वाणीला पडला असता, तर तिच्या आत्याने, म्हणजे केंद्रप्रमुख सुलभा खानविलकरांनी, कौतुकाने उत्तर दिले असते. पण तो बचतरावाला पडला होता.

बचतराव हा ऊर्जाबचत खात्याचा तपासनीस यंत्रमानव. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायचा, यासाठी २०५८ साली त्याला घडवले होते. आल्या आल्या त्याने कँटीनचा फ्रिज बंद केला. कारण आत कोणी नव्हते.

"महोदया, केंद्र चालू की बंद?" त्याने फॉर्म पुढे केला. चौकोन दोनच होते.

"बंद. पण पंप..."

"बंद. नोंद झाली. वीस मिनिटांनी पंपांची वीज तोडतो."

"अरे, पंप थांबले तर आतलं पाणी उकळून जाईल! इंधनाच्या कांड्या वितळतील! आठ वर्षं लागली हे उभं करायला!"

"मग 'चालू' लिहा."

"चालू कसं लिहू? वीज शून्य बनतेय!"

"मग बंद."

"आणि डिझेलचे राखीव पंप?"

"सकाळीच सील केले. वर्षभरात वापर नाही."

आत्याने कपाळाला हात लावला.

"आत्या, पण बंद केल्यावर गरम कसं राहतं?" शर्वाणीने विचारले. "इस्त्रीसारखं?"

"इस्त्री नुसती निवत जाते गं. इथे नवी उष्णता तयार होतेय. केदारकाकाचं लग्न आठवतं? अक्षता पडल्या, लग्न लागलं. घर शांत झालं?"

"कुठलं! पाहुणे होते ना."

"तेच. विखंडन (युरेनियमच्या अणूचे दोन तुकडे होणे) हे आपलं लग्न. काल आम्ही नियंत्रक दांडे (न्यूट्रॉन कण शोषून विखंडन थांबवणारे दांडे) आत सोडले आणि ते थांबवलं. पण आधी झालेले तुकडे अस्वस्थ असतात. शांत होईपर्यंत किरण फेकत राहतात. त्यातून निघते ती क्षय-उष्णता (अस्थिर अणू स्थिर होताना बाहेर पडणारी उष्णता). घाईचे पाहुणे तासाभरात निघतात, काही आठवडाभर राहतात, आणि काही वर्षानुवर्षं हलत नाहीत."

"पुण्याच्या मामांसारखे?"

"नावं घेऊ नकोस. दांडे पडले तेव्हा पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उरली होती. आता अर्धा टक्का."

"अर्धाच?"

"साडेसात हजार गीझर एकदम लावल्यासारखा अर्धा!"

"अकरा मिनिटे उरली," बचतराव म्हणाला. "फॉर्मवर पाहुण्यांचा चौकोन नाही."

आत्या काहीतरी बोलणार होती. ते मुलांसमोर बोलण्यासारखे नसावे, कारण तिने तोंड मिटले.

शर्वाणी बचतरावासमोर जाऊन उभी राहिली. "खोली रिकामी आहे, हे तुम्ही कसं ओळखता?"

"माणूस उष्णता सोडतो. उष्णता सापडली नाही, तर खोली रिकामी."

"मग आत जाणारं पाणी मोजा. आणि बाहेर येणारं."

बचतरावाने एका पाइपवर बोट टेकवले, मग दुसऱ्यावर. "आत बत्तीस अंश. बाहेर एकेचाळीस." त्याने पुन्हा मोजले. पाच मिनिटांनी पुन्हा. तरीही एकेचाळीस. त्याचे डोळे लुकलुकले.

"आत कोणीतरी आहे."

"हेच तर कधीची सांगतेय!" आत्या ओरडली.

बचतरावाने डिझेल पंपांचे सील काढले. फॉर्मवर स्वतःच्या हाताने, जरा वाकडा, तिसरा चौकोन काढला. मग पंपावर कागद चिकटवला: 'आत पाहुणे आहेत. शेवटचा जाईपर्यंत पंप बंद करू नये. आदेशावरून.'

"शेवटचा कधी जाईल?" शर्वाणीने आत्याला विचारले.

"शेवटचा? तो आपण कोणीच बघणार नाही. पण वापरलेलं इंधन सात-आठ वर्षं तरी पाण्याच्या कुंडात निवत ठेवावं लागेल."

"तेव्हा मी एकोणीस वर्षांची असेन."

"ये मग. मोजायला माणूस हवाच." आत्या खुर्चीत टेकली. "आधी चहा सांग. नको, थंड सरबतच सांग."

"फ्रिज बंद आहे," बचतराव म्हणाला. "आत उष्णता नव्हती."

आत्याने डोळे मिटून घेतले. शर्वाणीने वहीचे नवे पान उघडले आणि बचतरावाला स्टूल दिले. "बसा. आता थंडीपासून सुरुवात करू."