बारा हजार फोटो आणि एक खडा

टिटवी तिसऱ्यांदा थांबली. तिन्ही वेळा शंभराच्या आसपासच. समोर बारा हजार फोटो, आणि ही बया शंभरातच गार! पोतंभर शेंगा फोडायला बसावं आणि मूठभरातच हात दुखावेत, तसला प्रकार.

टिटवी म्हणजे पक्षी नव्हे बरं का. सोलापूरकडच्या एका माळरानावर वनचौकी होती, तिथला हा जुनापुराणा यंत्रमानव. पाय काडीसारखे, आवाज किरकिरा, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तिच्यासमोर गाल फुगवून बसली होती अकरा वर्षांची कार्तिकी. टिटवीची स्क्रिप्ट (यंत्राने ओळीने करायच्या कामांची लेखी यादी) तिनेच लिहिली होती, त्यामुळे राग काढायचा तरी कुणावर?

दाराशी बाजेवर तिचे आबा बसले होते. सिद्रामआबांनी पस्तीस वर्षं हा माळ राखला. आता डोळे गेल्यातच जमा होते. उजेड आणि सावली, एवढंच काय ते कळायचं.

त्या माळावर माळढोक पक्ष्याची एकच मादी उरली होती. आबा तिला थोरली म्हणत. बऱ्याच दिवसांत ती कुणाला दिसली नव्हती. चार वर्षांचे फोटो चाळीस कॅमेऱ्यांच्या कार्डांत पडून होते, ते बघायला माणूस नव्हता. आणि आज चार वाजेपर्यंत वनखात्याच्या इंगळेमॅडमना कळवायचं होतं, थोरली शेवटची कधी दिसली. तीन वर्षांत एकदाही दिसली नसेल, तर माळाची राखण बंद होणार होती. आबांना मात्र माळाआधी दुसरंच काही हवं होतं. थोरली आहे की नाही, एवढंच.

"काय झालं गं पोरी?" आबांनी विचारलं.

"अडलीय परत. एकेक फोटो दिला तर झटक्यात उघडते. शंभर झाले की बंद."

"माझी मेमरी भरली," टिटवी किरकिरली. "मेमरी म्हणजे काम चालू असताना लागणारी तात्पुरती जागा. ती माझ्याकडे थोडी आहे."

"पण सगळे फोटो कार्डात मावलेत की. मग तुझ्यात शंभर का मावत नाहीत?"

"कार्डात फोटो घडी घालून ठेवलेला असतो. बघायचा तर उलगडावा लागतो. उलगडला की दहा-बारा पट जागा खातो."

कार्तिकीला काही ते पटेना. मग आबाच उठले, चाचपडत ट्रंकेपाशी गेले. "ह्या ट्रंकेत घोंगडी किती?"

"वीस."

"अंथर बघू सगळी."

सहाव्या घोंगड्याला खोली भरली. सातवं अंथरायचं तर टिटवीच्या डोक्यावर. कार्तिकी हातात घोंगडं धरून उभीच राहिली.

"ट्रंकेत वीस मावत्यात, भुईवर सहा," आबा म्हणाले. "आता मला सांग, उलगडलेला फोटो तू परत घडी करून ठेवायला सांगितलंयस का हिला?"

कार्तिकीने मान खाली घातली. सांगितलं नव्हतं. आणि ते विसरूनही नव्हे, मुद्दाम. "बंद केला आणि नेमकी त्यातच थोरली असली तर? म्हणून सगळे उघडेच ठेवले, आबा."

आबा परत बाजेवर टेकले. मग म्हणाले, "पाणवठ्यावर मोजणीला बसायचो ना आम्ही, तेव्हा उजव्या खिशात खडे भरून न्यायचे. पक्षी दिसला की एक खडा डाव्या खिशात. वहीत एक ओळ, किती वाजता, कुठं. की नजर पुढल्या पक्ष्याकडं. एकालाच बघत बसलो असतो तर मोजणी झाली असती होय?"

कार्तिकी कामाला लागली. तिने स्क्रिप्ट बदलली. एक फोटो उघडायचा, बघायचा, मिटायचा, मगच पुढचा. मिटला म्हणजे पुसला नव्हे. कार्डातली घडी जिथल्या तिथे राहते, फक्त टिटवीची भुई मोकळी होते. शंभर गेले, दोनशे गेले, हजार गेले. कार्तिकीला हायसं वाटलं.

दोन हजारांपाशी टिटवी पुन्हा थिजली.

"आता गं काय झालं?" कार्तिकी रडकुंडीला आली. साडेदहा वाजून गेले होते.

"'कदाचित थोरली असेल' असं वाटलेले फोटो तू मेमरीतल्या एका पिशवीत टाकायला सांगितलेस," टिटवी म्हणाली. "पिशवीत मी फोटोच धरून ठेवलेत, उलगडलेले. कुणीतरी धरलेली वस्तू मला आवरता येत नाही. जी कुणीच धरलेली नाही, तेवढीच मी झाडून काढते."

म्हणजे एका हाताने आवरायचं आणि दुसऱ्या हाताने पसारा मांडायचा, तसं झालं होतं. कार्तिकीला स्वतःचाच राग आला. वहीत ओळ लिहायची, पक्षी नाही पकडून ठेवायचा! तिने पिशवी काढून टाकली. आता टिटवीने प्रत्येक संशयित फोटोचं फक्त नाव, तारीख आणि कॅमेऱ्याचा नंबर लिहायचा, तेही लगेच कार्डावरच्या यादीत. एवढीशी ओळ. अशा हजार ओळी झाल्या तरी एका फोटोच्या कोपऱ्यात मावतील.

अकराला टिटवी नव्याने सुरू झाली. आबांनी दुपारी भाकरी खाल्ली नाही. कार्तिकीनेही मग आग्रह केला नाही. अडीच वाजता टिटवी म्हणाली, "संपले. बारा हजार."

यादीतले फोटो कार्तिकीने एकेक करून उघडले. मोर, शेळ्या, एका गुराख्याची छत्री. त्यांतून थोरलीचे निघाले चौसष्ट. उंच मान, डोक्यावर काळी टोपी. ती तारखा वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला.

"शेवटचे एकवीस फोटो एकाच कॅमेऱ्याचे आहेत, आबा. एकोणीस नंबर. एकवीस दिवस, एकाच जागी बसलेली आहे."

"महिना कुठला?"

"श्रावण. दोन वर्षांमागचा."

"आणि त्याच्या पुढं?"

कार्तिकीने यादी खालपर्यंत पाहिली. खाली काही नव्हतं. "नाही, आबा," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"अंडं राखत बसली असणार," आबा हळूच म्हणाले. "नर कुठं होता माळावर? फुटायचं नव्हतंच ते अंडं. तरी बसली." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "त्या श्रावणात मी डोळ्यांपायी सोलापुरात पडून होतो. एकटीच बसली गं ती."

कार्तिकीला आबांचं सगळं दुःख एकदम कळलं. ती त्यांच्या कुशीत शिरून पोटभर रडली.

साडेतीनला तिने इंगळेमॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"दोन वर्षं म्हणजे तीनच्या आत आहे," त्या म्हणाल्या. "अजून एक वर्ष माळ राखता येईल. आणि बाळा, एकोणीस नंबरची जागा मला नीट लिहून पाठव. आमच्या केंद्रात माळढोकाची पाच पिल्लं वाढतायत. त्यांना कुठं सोडावं, हे आम्हाला उमगत नव्हतं. अंडं घालायला तिनं जी जागा निवडली, तिच्याहून चांगली आम्ही कुठून शोधणार?"

कार्तिकीने यादी पाठवली. चौसष्ट ओळी. मग टिटवीने शेवटचा फोटो मिटला आणि घोंगडी आवरायला घेतली.

आबांनी डाव्या खिशात हात घातला. तळहातावर एक खडा होता, वापरून गुळगुळीत झालेला. "ही थोरली. शेवटच्या मोजणीचा. मोजणी झाली की खडे माळावर टाकून द्यायचे असतात. हा काही टाकवला नाही मला."

"मग आता टाकायचा, आबा?"

आबांनी मूठ मिटली. "अख्खा पक्षी थोडाच धरून बसलोय मी? एवढ्या एका खड्याला खिशात जागा आहे." मग उजवा खिसा चाचपून ते म्हणाले, "हा मात्र रिकामाय. जा, पाच खडे वेचून आण."

कार्तिकीने डोळे पुसले आणि ती माळावर गेली.