तिरपूची शेवटची उडी

"गेला! पुन्हा गेला!" भोंग्याने कपाळावर हात मारून घेतला.

पडद्यावरचा लाल खेकडा खाडीत गडप झाला आणि बुडता बुडता बारीक, चिडक्या आवाजात ओरडला, "अगं आई गंऽ!"

"तू फार घाई करतोस," सावकाश म्हणाला.

"झालं याचं सुरू! घराला आग लागली तरी हा म्हणेल, सावकाश पळा!"

टिपरी खुदकन हसली. उगाच नव्हती दोघांना ही नावं पडली! भोंगा टिपरीचा मावसभाऊ, सावकाश शेजारचा. सुट्टी लागल्यापासून तिघांचा मुक्काम या जुन्या व्हिडिओ गेमच्या दुकानात होता. दुकानदारकाका दुकान कायमचं बंद करत होते. एकेक मशीन करत सगळ्या गेल्या होत्या. कोपऱ्यातली ही शेवटची तेवढी उरली होती आणि तिच्यावर काकांनी मुलांना मनसोक्त खेळू दिलं होतं.

फार वर्षांपूर्वी टीव्हीवर लागणाऱ्या एका कार्टून मालिकेवरून हा खेळ बनवलेला होता. तिरपू खेकडा त्याचा नायक. आडवं आडवं चालत, दगडांवरून उड्या मारत त्याने शेवटची खाडी ओलांडायची आणि पलीकडच्या झेंड्यापाशी पोचायचं. पण खाडी ही एवढी रुंद! उडी पोचायचीच नाही. काकांनी तर मशीनवर पाटीच लावली होती : 'शेवटचा टप्पा बिघडलेला.'

"अगं आई गंऽ!" तिरपू पुन्हा बुडाला.

दारात धप्प असा आवाज झाला. मुलांना न्यायला आलेल्या आत्याच्या हातातली पिशवी खाली पडली होती. आत्या उंबऱ्यातच थबकली होती.

"आत्या, काय झालं?" टिपरी धावली.

आत्या कुजबुजली. ती नेहमीच कुजबुजायची. टिपरी पाळण्यात होती तेव्हा आत्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच.

"तो... तो मी आहे गं."

"तुम्ही खेकडा आहात?" भोंग्याने डोळे विस्फारले.

आत्याला हसू फुटलं. "खेकडा नाही रे बाबा, खेकड्याचा आवाज! मालिकेत तिरपूचं सगळं बोलणं माझं असायचं."

टिपरीने आत्याचा हात धरला. "मला कधीच कसं सांगितलं नाहीस?"

"सांगून ऐकवणार काय? स्टुडिओतल्या लोकांनी त्याच टेपांवर दुसरं काहीतरी भरलं. आमचं सगळं पुसलं गेलं." आत्याच्या बोलण्यात राग नव्हता. "या खेळासाठी मला एक दिवस बोलावलं होतं. आधी नुसतं किंचाळून घेतलं माझ्याकडून! आणि मग एक मोठं बोलणं, अगदी शेवटासाठी. ते यात घातलं की नाही, देव जाणे. शेवटापर्यंत पोचलेला कुणी मला भेटलाच नाही."

टिपरी मशीनकडे वळली. याच आत्याने तिला अंगाखांद्यावर वाढवलं, ढीगभर गोष्टी कुजबुजून सांगितल्या. पण आत्याचा खरा आवाज? ते किंचाळणं सोडलं, तर तो तिने कधी ऐकलाच नव्हता. आणि उभ्या जगात तो उरला असेल, तर या मशीनच्या पोटात!

"चला रे पोरांनो, आवरा," काका म्हणाले. "माझा मेहुणा टेम्पो घेऊन येतोय. पडदा खोलून घ्यायचा आणि बाकीची मशीन भंगारात."

"भंगारात?" टिपरी किंचाळली. "काका, मशीन बिघडलेली नाही असं आम्ही दाखवून दिलं तर?"

काका गडगडून हसले. "तर तुझ्या तोंडात साखर! मशीन तुमची. पण मेहुणा एकदा आला की थांबायचा नाही हं!"

तिघांची डोकी एकत्र आली.

"लांबून पळत येऊन उडी मारू!" भोंगा म्हणाला.

"तेच तर तू सकाळपासून करतोयस," सावकाश म्हणाला. "मला सांग, जिथे पोचताच येत नाही तिथे झेंडा कोण लावेल? खेळ बनवणारे काय वेडे होते?"

टिपरीने चुटकी वाजवली. "आत्या! मालिकेत तिरपू पाण्यापलीकडे कसा जायचा गं?"

आत्याने डोळे मिटले. "एकदम जायचाच नाही. आधी थांबायचा. वाटेत ज्यांनी ज्यांनी हात दिला, त्यांचे आभार मानायचा. प्रत्येक भागात तसंच. आभार मानल्याशिवाय पुढे पाऊल नाही, असा त्याचा नेमच होता."

"पण इथे आभारांचं बटण कुठाय?" भोंगा वैतागला. "एक उडीचं, एक नांगीचं. संपलं!"

सावकाश हळूच म्हणाला, "थांबायला बटण कशाला लागतं?"

तिघं एकमेकांकडे बघतच राहिली. खरंच की! पडद्याच्या कोपऱ्यात लाल घड्याळ उलटं धावत असायचं. त्याला घाबरून जो तो खाडीशी पोचला की उडी ठोकायचा. काठावर थांबून पाहिलं होतं कुणी?

टिपरीने खेळ पहिल्यापासून सुरू केला. पहिल्या लाटेत कासवाने तिरपूला पाठीवर घेतलं. अंधाऱ्या गुहेत मासोळीने वाट दाखवली. जाळ्यात अडकल्यावर म्हाताऱ्या झिंग्याने दोरी कुरतडली. अखेर खाडीचा काठ आला.

आणि त्याच क्षणी दारात मेहुणा! हातात स्क्रू-ड्रायव्हर.

"चला, बाजूला व्हा! मला वेळ नाही."

टिपरीने दोन्ही हात बटणांवरून उचलले आणि पाठीमागे घट्ट धरले. तिरपू काठावर उभा. घड्याळ धावतंय.

मेहुण्याचं पडद्याकडे लक्ष गेलं. "अगं ए पोरी! झोपलीस का? वेळ संपतोय, उडी मार!" त्यालाच राहवेना. "सरक, मी मारतो!" त्याचा हात बटणाकडे निघाला.

टिपरीने भोंग्याकडे पाहिलं. भोंगा तीरासारखा बाहेर सुटला आणि रस्त्यावर खणखणीत हॉर्न वाजला. "पोंऽऽ पोंऽऽ! कुणाचा टेम्पो आहे हा? वाट अडवलीय!"

"आलो, आलो!" मेहुणा उलट्या पावली पळाला.

हॉर्न भोंग्याच्या गळ्यातूनच येत होता, हे का वेगळं सांगायला हवं?

घड्याळ संपत आलं. काहीच होईना. टिपरीचं रडू फुटायच्या बेतात होतं. बोटं बटणाकडे शिवशिवली.

"सावकाश," सावकाश पुटपुटला.

पाण्यात एक बुडबुडा उठला. मग दुसरा. आणि कासवाची पाठ वर आली! त्याच्या पुढे मासोळी, तिच्या पुढे म्हातारा झिंगा, मग वाटेत भेटलेलं प्रत्येक जण. काठापासून झेंड्यापर्यंत पूल झाला! घड्याळ थांबलं. कुणी बटण दाबलं नव्हतं, तरी तिरपू आडवा आडवा चालत पलीकडे पोचला. तिथे तो पहिल्यांदाच सरळ वळून उभा राहिला आणि बोलू लागला.

आवाज खरखरत होता. पण त्या खरखरीतून कसा आला म्हणून सांगू! गोड, खणखणीत, खोडकर. जणू पितळी घंटा.

"कासवदादा, तुझी पाठ नसती तर मी पहिल्याच लाटेत बुडालो असतो! मासोळीताई, तुझ्यामुळे अंधाराची भीती गेली! झिंगेआजोबा, तुमचे दात सलामत राहोत! अहो, मी कुठला एवढी उडी मारणार? तुम्ही सगळ्यांनी मला इथवर आणलंत!"

टिपरी पडद्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती आत्याकडे. आत्याचे ओठ हलत होते. शब्दाला शब्द, श्वासाला श्वास. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि चेहरा मात्र हसत होता.

काकांनी पुढे होऊन पाटी टरकन काढली. "इतकी वर्षं जगाला सांगत आलो, मशीन बिघडली म्हणून. उतावळे आम्ही आणि दोष बिचाऱ्या खेकड्याला! शाब्बास रे पोरांनो! मशीन तुमची."

एवढ्यात मेहुणा धापा टाकत परतला. "अहो, कोण हॉर्न वाजवत होतं? बाहेर चिटपाखरू नाही!" भोंग्याने मान खाली घातली. खरा प्रकार कळल्यावर मेहुणा आधी लाल झाला, मग पोट धरधरून हसला. "माझ्या हातून केवढा अनर्थ होत होता! गुणी आहात हं लेकांनो. आता हा टेम्पो तुमच्याच घरी जाणार!"

आत्याने तिघांना जवळ ओढलं. एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. "माझं हरवलेलं माणूस शोधून आणलंत रे," एवढंच ती बोलली.

संध्याकाळी काका, मेहुणा आणि तिघं मुलं मशीन उचलून घराच्या दाराशी आली. आत्या पुढे धावली आणि कुजबुजली, "सांभाळून हं, पायाखाली उंबरा आहे!"

बाकीच्यांना जेमतेम ऐकू गेलं. टिपरीला मात्र ते अगदी खणखणीत ऐकू आलं, पितळी घंटेसारखं.