उशिराचा व्हिसा

तो दुकानात शिरला तोच मुळी काचेच्या दारावर कपाळ आपटून. हातात चष्म्याचे दोन तुकडे होते.

"कसा तुटला?" काउंटरमागून तिनं विचारलं.

"मीच बसलो त्याच्यावर."

"दिसला नाही?"

"डोळ्यांवर चष्मा नव्हता ना..."

ती खुदकन हसली. नको तेव्हा हसायची तिला खोडच होती. तो कामानिमित्त आलेला परदेशी पाहुणा, पण आई मूळची इथलीच, त्यामुळे भाषा हीच बोलणारा. चष्मा दुरुस्त झाला, आणि मग त्या चष्म्याला काय धाड भरली कोण जाणे, एक दिवसाआड काहीतरी बिघडायला लागलं. कधी दांडी सैल, कधी स्क्रू ढिला.

"पाहुणे, हा स्क्रू तुम्ही स्वतःच काढता ना?" एकदा तिनं विचारलंच. त्याचे कान लालबुंद झाले. बाईसाहेब भाळल्या त्या लाल कानांवरच. वर्षभरात लग्नही झालं.

इथवर सगळं गोड. पण त्याचं इथलं काम संपलं, परत जाणं भाग होतं, आणि बायकोला न्यायचं तर व्हिसा हवा.

"दोन मार्ग आहेत," व्हिसाच्या सल्लागारबाई म्हणाल्या. "पहिला लवकरचा. पुढच्याच महिन्यात यांच्याबरोबर जाल. पण तिथे कायम राहायची परवानगी मिळेपर्यंत बाहेर पडायचं नाही. वर्ष लागेल, दोनही लागतील. दुसरा उशिराचा. त्यात तुम्ही इथे वाट बघायची, पण एकदा मिळाला की हवं तेव्हा जा-ये करा."

"लवकरच्या व्हिसावर गेले, आणि इथे घरी काही झालं तर...?"

"या ना, कोण अडवतंय? पण मग परत जाणं विसरा. सगळं पहिल्यापासून."

घरी म्हणजे बाबा. आई कधीच गेलेली, आणि बाबांचं हृदय मागच्या हिवाळ्यात एकदा दगा देऊन बसलेलं. चष्म्याचं दुकान त्यांचंच, घर त्याच दुकानाच्या वर, दोन जिने चढून.

बाबांना हे कळलं मात्र, आणि म्हातारा एकदम तरुण झाला. रोज दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, शीळ घालत घरात येणं. "मला काय झालंय? ठणठणीत आहे मी. तू जा बघू पोरी, माझ्या डोक्यावर बसू नकोस." तिला ते खरं वाटलं. खरं म्हणजे तिला ते खरं वाटून घ्यायचं होतं. नवऱ्याशिवाय वर्ष काढायच्या कल्पनेनंच तिचा जीव कासावीस व्हायचा. तिनं लवकरचा व्हिसा नक्की केला. तो मात्र त्या दिवसांत गप्प गप्प असायचा. जायच्या धांदलीत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

सही करायच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. सल्लागारबाईंच्या इमारतीच्या जिन्यात त्यानं तिचा हात धरला.

"वर जाऊ नकोस... बाबा ठीक नाहीत."

"म्हणजे?"

"घरात शीळ घालत येतात ना, त्याआधी मधल्या पायरीवर बसून असतात. कठडा घट्ट धरून. ओठ निळे पडलेले. मी पाहिलं तर त्यांनी मला शपथ घातली — जावईबापू, तिला कळता कामा नये, तिला घेऊन जा."

ती भिंतीला टेकली. "कधी पाहिलंस?"

"मागच्या आठवड्यात."

"आणि आज सांगतोस?"

त्यानं नजर चुकवली नाही. "शपथेचं निमित्त होतं गं. मलाच तू हवी होतीस. वाटलं, मूग गिळून बसलो तर तू माझ्याबरोबर येशील. मग तिथे एखाद्या दिवशी फोन आला असता, आणि तू निघू शकली नसतीस... आणि मला आधीपासून माहीत असतं."

ती रडली. त्याच्यावर चिडून रडली, बाबांवर चिडून रडली, आणि मग नुसतीच रडली. जिन्यात वर-खाली करणारी माणसं अंग चोरून बाजूनं जात होती. शेवटी तोंड पुसून ती वर गेली आणि तिनं उशिराचा व्हिसा मागितला.

बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत आणि जावयाशी तर त्याहून नाहीत. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांचा चेहरा काही फारसा उजळ नव्हता.

तो एकटाच निघाला. विमानतळाच्या दाराशी पाऊस तिरपा येत होता. त्याच्या चष्म्यावर थेंब साचले होते आणि पुसायचं त्याला भान नव्हतं.

"गप्प बसलास ना," ती म्हणाली, "हे मी तुला जन्मभर ऐकवणार आहे."

"ऐकव. पण फोनवर नको..."

"मग?"

"समोर बसून ऐकव."

तिनं त्याचा चष्मा काढला, पदरानं पुसला, परत त्याच्या नाकावर ठेवला आणि त्याला हलकेच आत ढकललं.