तणसातली दुसरी जागा

मुर्रीच्या खुशालची गोष्ट आहे पोरांनो, खोटी मानू नका. तीन वर्षांखालची, पौषातल्या अमावस्येची. पाण्याची मोटार कुडव्याला दुरुस्तीला दिली होती, ती आणायला तो दिवस बुडता गाडीवर निघाला. मागे बसून मोटार मांडीवर धरायला बहिणीचा नवरा नंदलाल संगतीला.

मोटार व्हायला उशीर लागला. तेवढ्यात खुशाल बाजूच्या गुत्त्यावर बसून आला, वर एक बाटली गाडीच्या थैलीत टाकली. नंदलाल थेंबाला शिवत नसे.

"किल्ली द्या खुशालभाऊ, मी चालवतो."

"आज किल्ली मागता जवाई, उद्या वावर मागाल!" खुशाल हसला आणि किक मारली.

गावाजवळच्या पुलाच्या कठड्याला गाडी धडकली. खुशालला नुसतं खरचटलं. नंदलाल पडलेला, मोटार छातीवर.

"पाणी..."

खुशालनं फोन काढला. परत खिशात घातला. पोलीस येतील, रक्त तपासतील. लायसन जाईल, केस होईल, जेलात टाकतील. येणारं-जाणारं कोणी पाहीलच जवायाला, असं मनाशी म्हणत तो बांधाबांधानं पळाला आणि आपल्या खळ्यावरच्या धानाच्या तणसाच्या ढिगात शिरला. सकाळपर्यंत उतरली की मग जाऊ ठाण्यात.

थंडी. काळोख.

बाजूचं तणस खसखसलं.

"सरका थोडं, खुशालभाऊ."

"जवाई! वाचलात जी!" खुशालचा जीव भांड्यात पडला.

"तहान लागून राहिली."

विहीर समोरच होती. पण बादली वाजली असती. कुत्री भुंकली असती.

"सकाळी देतो. चूप राहा ना."

खुशालनं तणस अंगावर ओढून घेतलं.

"उतरली काय, भाऊ?"

"नाही अजून."

मग पुन्हा. अगदी कानाशी. पण कानाला श्वास लागला नाही.

"उतरली काय?"

खुशालनं हात लावून पाहिलं नाही.

"उतरली काय...?"

उजाडलं. बाजूला कोणी नव्हतं.

घरी आला तर अंगणभर माणसं. नंदलालला लोकांनी रात्रीच गोंदियाला नेलं होतं. वाटेतच गेला. रात्रभर मुडदाघरात, कुलपाच्या आत होता.

"जवायानंच पिऊन चालवली," लोक बोलत होते. "गाडीच्या थैलीत बाटली फुटलेली सापडली. खुशाल कुडव्यालाच राहिला असेल."

काका शालीकरामनं त्याचं खरचटलेलं अंग पाहिलं आणि त्याला कोपऱ्यात ओढलं. "आता तुह्या रक्तात काही सापडत नाही. चूप राहा."

भिंतीला टेकलेली मंजू, त्याची बहीण, त्याच्याकडेच पाहत होती.

"दादा, सांग ना या लोकायले. हे तर कधीच पीत नव्हते."

खुशालची मान वर झाली नाही.

"नव्हते, बाई. मी पिऊन होतो. गाडी मीच चालवली. आणि... पाणीही देल्लं नाही मी."

ठाण्यातही त्यानं हेच सांगितलं, कोर्टातही. वकिलानं समजावलं, तरी शब्द फिरवला नाही. लायसन गेलं, सजा झाली. सुटून आला, पण मंजू त्याच्या दारात आली नाही ती नाहीच.

आणि ते तणस? बैलांनी सगळा ढीग खाऊन टाकला. खाली एक थर तेवढा उरला आहे. भुकेला बैलही तिथून तोंड फिरवतो. माणसाच्या लांबीचा खळगा आहे त्यात, कुशीवर निजल्यासारखा...

खुशाल जिथं निजला होता, त्या बाजूला तोंड करून.