दीड किलोची पोटदुखी

मेघाने ललितला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोघांच्याही हातात पिशव्या होत्या. बाजाराच्या नव्हेत. पोटातून निघालेल्या नळीच्या टोकाला बांधलेल्या, दवाखान्याच्या.

जळगावच्या त्या दवाखान्यात नियमच होता. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंटला उठवायचं आणि व्हरांड्यात चालवायचं. मेघाच्या यकृतातून नारळाएवढी पाण्याची गाठ काढली होती, ललितच्या मोठ्या आतड्याचा सडलेला वीतभर तुकडा कापून टोकं जोडली होती. ती भिंतीला धरून येत होती, तो खिडकीच्या गजाला धरून जात होता. मध्ये वाट अरुंद होती.

"तुम्ही आधी," तो म्हणाला.

"नको... तुम्हीच."

"अहो, मी थांबलो तर पडेन. तुम्ही जा."

तिला हसू आलं, आणि हसल्याबरोबर टाके असे ओढले की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिथेच तिला त्याचा पहिला राग आला. याने हसवलंच कशाला!

दुसरा राग लगेच दुसऱ्या दिवशी आला. पोटाच्या ऑपरेशननंतर सगळा वॉर्ड एकाच बातमीची वाट बघत असतो, ती म्हणजे वारा सरला का. सरला की पाणी, मग पेज, मग वरणभात. ललितचा तिसऱ्या दिवशी सरला. कुंदाबाई, म्हणजे वॉर्डातल्या मावशी, नवस फेडल्यासारख्या ओरडल्या, "सरना वं माय, त्या धुळाना पोऱ्याना वारा सरना!" आणि मग मेघाच्या खाटेशी येऊन, "तुन्हं काय शे, पोरी? तो देख, पेज पी राहिना."

मेघाने तोंड भिंतीकडे केलं. अमळनेरच्या शाळेत सातवीला गणित शिकवणारी, कॉलेजात कायम पहिली आलेली मुलगी आज वाऱ्याच्या शर्यतीत दुसरी आली होती. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण तिला ते लागलं.

घरी गेल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. दर दुसऱ्या मंगळवारी तपासणी. डॉक्टर वजनाला फार मानायचे. कापलं ते कसं भरून येतंय हे काट्यावर कळतं, म्हणायचे. व्हरांड्यात काटा होता, शेजारी कुंदाबाई वही घेऊन बसायच्या आणि आकडा लिलाव पुकारल्यासारखा पुकारायच्या.

पहिल्या मंगळवारी ललित अर्धा किलो वाढला. मेघा दोनशे ग्रॅम उतरली.

"जेवत नाही का तुम्ही?" त्याने बाकावर सरकून जागा करून देत विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. मी आपला सकाळी दोन भाकरी, रात्री दोन. परवा तर कळण्याची भाकरी नि ठेचा..." त्याने डोळे मिटून नुसता घास घेतल्यासारखं केलं. "वा!"

डॉक्टरांनी आत नेहमीचा प्रश्न विचारला, "पोटात दुखतं का?" मेघा नाही म्हणाली. खोटं होतं ते. पोटात चांगलंच दुखत होतं, फक्त ज्या ठिकाणी डॉक्टर दाबून बघत होते तिथे नव्हे. दुसऱ्याचं बरं झालेलं बघून जिथे दुखतं, तिथे.

ऑपरेशनपासून तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. आईने हरतऱ्हा केल्या होत्या. त्या संध्याकाळी मात्र मेघाने ताट ओढून घेतलं आणि प्रत्येक घासाला 'दोन भाकरी काय... ठेचा काय...' असं पुटपुटत दीड भाकरी संपवली. आईने देवापुढे साखर ठेवली. बिचारीला काय माहीत, तो देव धुळ्याच्या सहाव्या गल्लीत राहतो आणि वजनकाटे दुरुस्त करतो.

पुढच्या मंगळवारी मेघा तीनशे ग्रॅम वाढली. मोठ्या तोऱ्यात काट्यावरून उतरली. मग ललित चढला. सैल लांब शर्ट, चेहरा थोडा ओढलेला, पण काटा पुन्हा अर्धा किलो वर!

"असं कसं?" ती जवळजवळ ओरडलीच.

"तुझी नजर लागेल हां," तो म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

तपासणी झाली की ती दोघं चालत बसस्टँडवर यायची. त्याची बस पारोळ्यावरून, तिची धरणगाववरून. बस येईपर्यंत एक प्लेट पोहे. तो हौसेने मागवायचा, दोन चमचे खायचा आणि प्लेट तिच्याकडे सरकवायचा, "घरून दाबून आलोय. तू खा... नाहीतर राहशील मागे." ती रागारागाने खायची. तो गालावर हात ठेवून बघत राहायचा. त्या बघण्याने पोह्यातली मिरची उगाच जास्त तिखट लागायची. मंगळवार जवळ आला की ती आता ड्रेसला इस्त्री करू लागली होती, पण स्वतःला सांगायची की हे सगळं वजनासाठी.

तिसऱ्या खेपेला तो पुन्हा अर्धा किलो वाढला. एकूण दीड! मेघाच्या पोटदुखीला सीमा राहिली नाही.

चौथ्या मंगळवारी, कडाक्याच्या थंडीत, ती आली तर बाकावर तिच्या जागी दुसरीच बसलेली. भुसावळची ममता. पित्ताशय काढलेली, नाजूक, आणि हसली की गालाला खळी पडणारी. ललित तिला अगदी आपुलकीने समजावत होता, "पेज कंटाळवाणी वाटते ना? त्यात जिऱ्याची फोडणी..."

"किती छान सांगता हो तुम्ही!" ममता म्हणाली.

मेघा त्या दिवशी सातशे ग्रॅम वाढली होती. कुंदाबाईंनी टाळी वाजवली. मेघाला ऐकूसुद्धा आलं नाही. तो काट्यावर चढला, काटा गेल्या वेळेएवढाच राहिला, म्हणजे आज ती जिंकली होती. आणि तरी पोटात कसं दुखावं? पहिल्यापेक्षा जास्त दुखावं? जिऱ्याची फोडणी मला का नाही सांगितली याने... मला नुसतं चिडवायचं, आणि तिला फोडणी! गणिताच्या बाईंना उत्तर लख्ख दिसलं. ही पोटदुखी वजनाची नव्हती. आणि ते दिसल्यावर त्या आणखीच चिडल्या.

स्टँडवर ती त्याच्याशी बोलेना.

"काय झालं?"

"काही नाही. जा, भुसावळची बस लागलीय."

"माझी बस धुळ्याची."

"तुला काय, कुठलीही चालेल."

तो हसायला गेला, पण मध्येच थांबून त्याने पोट दाबून धरलं आणि मटकन लोखंडी बाकावर बसला.

ठण्ण!

बाक वाजला. म्हणजे ललितच वाजला. मेघाने त्याच्या शर्टाकडे पाहिलं, मग विजारीच्या लोंबणाऱ्या खिशाकडे.

"खिशात काय आहे?"

"कुठे काय... चावी."

"काढ."

उजव्या खिशातून एक किलोचं लोखंडी वजन निघालं. डाव्यातून दुसरं. मागच्या खिशातून अर्ध्या किलोचं. पोह्यांच्या प्लेटशेजारी तिन्ही वजनं ओळीने बसली.

"वजनं खरी आहेत," तो खाली मान घालून म्हणाला. "सरकारी शिक्क्याची."

"वजनं खरी, आणि माणूस खोटा!"

मग तिच्यातली मास्तरीण जागी झाली. खिशात अडीच किलो. वहीत वाढ दीड. "ललित... तू एक किलो उतरलायस. वाढलेला नाहीसच कधी."

"पहिल्यांदा तुझ्यासाठी केलं. कुंदाबाई म्हणाल्या होत्या, ती पोरगी जेवतच नाही. पण वॉर्डात मी बघितलं होतं, मी पेज पितो म्हटल्यावर, तुला पाणी सुरू झालं तेव्हा तू रागाने वाटीभर प्यायलीस. म्हटलं, ही रागावली की खाते..." त्याने वजनांवरून बोट फिरवलं. "मग पोटात कळा यायला लागल्या. खाल्लं की पीळ. तेव्हा माझ्यासाठी वजनं वाढवली. पुन्हा पोट उघडतील, याची भीती वाटली गं. पुढच्या मंगळवारी सांगणारच होतो."

त्याने सरकवलेल्या सगळ्या प्लेटा तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. हा उपाशी राहत होता आणि आपण त्याच्यावर जळत होतो! तिला त्याला मारावंसं वाटलं, आणि रडावंसंही वाटलं. तिने तिन्ही वजनं पर्समध्ये टाकली. पर्सचा बंद करकरला.

"मी डॉक्टरांकडे चाललेय. आलास तर ठीक, नाहीतर ही वजनं त्यांच्या टेबलावर बोलतील."

"मेघा, बस येईल आता..."

"येऊ दे आणि जाऊ दे."

ती निघाली. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण कान मागेच होते. पंचवीस पावलांनी त्याच्या चपलांचा आवाज आला.

आतड्याचा जोड आखडत आला होता. डॉक्टरांनी दुर्बिणीतून फुगा घालून तो रुंद केला. पोट उघडावं लागलं नाही. "आणखी महिना लपवलं असतंस तर उघडावं लागलं असतं," ते म्हणाले, आणि मग इतकं बोलले की व्हरांड्यातले पेशंट आपापले खिसे चाचपू लागले. कुंदाबाईंनी वहीतले चारही आकडे खोडले. "मन्हा काटाले फसाडं रे तू!" असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला.

मेघाने दोन वजनं परत दिली. अर्ध्या किलोचं तिच्याकडेच राहिलं. त्यानेही मागितलं नाही.

महिन्याने पुन्हा मंगळवार आला. "खिसा झटक!" कुंदाबाई गरजल्या. रुमाल, कंगवा, बसचं तिकीट निघालं. ललित काट्यावर चढला आणि मेघाने ओढणीचं टोक मुठीत धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती दुसऱ्याला जास्त मार्क पडावेत म्हणून देवाला हाका मारत होती.

"नऊशे ग्रॅम वाढना!"

मेघा शंभर वाढली होती. सपशेल हरली होती. डॉक्टरांनी विचारलं, "पोटात दुखतं का?" तिने नीट तपासून बघितलं. कुठेच दुखत नव्हतं.

"दोघंही छान," डॉक्टर म्हणाले. "आता सहा महिन्यांनी या."

सहा महिने... म्हणजे मंगळवार संपले.

स्टँडवर पोहे आले. ललितने ते सगळे खाल्ले, शेवटचा शेंगदाणासुद्धा. ती रिकाम्या प्लेटकडे बघत राहिली. सरकवायची सवय मोडली म्हणून थोडं वाईट वाटलं, पण चांगलंही वाटलं.

"ते अर्ध्या किलोचं वजन..." तो बोटाने टेबलावर रेघा ओढत म्हणाला. "दुकानात अडतंय त्याच्यावाचून."

"अर्ध्या किलोवाचून?"

"नाही..." तो कानापर्यंत लाल झाला. "माझंच अडतंय. तुझ्यावाचून."

धरणगावची बस लागली. मेघा उठली, पायरीवर चढली, दांडा धरून वळली.

"वजन हवं असेल तर अमळनेरला घरी ये. आईवडिलांना घेऊन ये."

"आणि?"

"आणि खिसे रिकामे ठेवून ये. माझी आई तुला जेवायला वाढणार आहे."